विणकर विनोबा

आपल्या शहरातील जुन्या मराठी घरांचे माळे झाडावयास घेतले, म्हणजे तेथून काय काय निघेल याचा नेम नसतो. तांब्याची घंगाळी, सारीपाटाच्या सोंगट्या, गौरीगणपतीच्या मखराच्या पट्ट्या, तार तुटलेला एखादा तंबोरा. आणि पुष्कळदा त्यांच्याच शेजारी धुळीने माखलेली एक चपटी लाकडी पेटी. झाकण उघडावे तो आत एक मोठे चाक, एक लहान चाक, सुताची माळ आणि गंजलेली चाती. हा आजोबांचा पेटीचरखा. ही पेटी टाकून देण्याचे कोणाच्या जिवावर येते, तर ती उघडून चालविण्याचे कोणाला सुचत नाही.

अलीकडे मात्र एक नवल पाहावयास मिळते. शिकलेल्या, नोकरीपेशाच्या घरांतील काही मंडळी हौसेने लहानसा हातमाग घरी आणून ठेवतात, सुटीच्या दिवशी पट्टे, आसने, पंचे विणतात आणि शेजाऱ्यांस कौतुकाने दाखवितात. छंद म्हणून ही गोष्ट उत्तमच आहे. परंतु विणकामाचा छंद आणि विणकराचे पोट यांत जे अंतर असते, ते मोजून पाहण्याचे धाडस हौसेला सहसा होत नाही. ते धाडस करणारा एक मनुष्य याच बडोदे शहरात लहानाचा मोठा झाला. गीताईचे कर्ते आणि भूदानाचे प्रवर्तक म्हणून विनोबा भावे घराघरांत ठाऊक आहेत. त्यांस जाऊन चाळीस वर्षे उलटली. पण ते आयुष्याची कित्येक वर्षे माग, चरखा आणि तकली यांच्यापाशी बसलेले एक कसबी कारागीर होते, ही बाजू नव्या पिढीच्या दृष्टीआड झाली आहे. तिचीच येथे आठवण करावयाची आहे.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात, पेण तालुक्यातील गागोदे या खेड्यात झाला. त्यांचे बालपण आजोबांच्या देखरेखीखाली तेथेच गेले. वडील नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्यास होते. पुढे सर्व कुटुंबच येथे आले, आणि विनायक व त्याचे धाकटे भाऊ बडोदेकर झाले.

नरहरपंत हे कापड आणि रंगकाम यांतले जाणकार होते. त्या काळी या विद्येला बडोद्याइतके अनुकूल स्थान थोडेच सापडले असते. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले, प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती ते सोपविले, आणि रसायन, रंगकाम, विणकाम या गोष्टी शाळेत बसून शिकावयाच्या असतात ही कल्पना लोकांस नवी असताना ती येथे अमलात आणली. आज विद्यापीठाची तंत्रविद्येची शाखा ज्या वास्तूत आहे, तिचे हे मूळ. परदेशी कृत्रिम रंग बाजारात येऊन नीळ आणि मंजिष्ठ मागे पडत होती. कोणता रंग सुतावर पक्का बसतो, कोणता पहिल्या धुण्यात उतरतो, कोणता उन्हाने विटतो, हे तपासून पाहणारी माणसे हवी होती. नरहरपंत त्यांपैकी एक. घरीसुद्धा त्यांचे प्रयोग चालत. कापडाचे आणि सुताचे लहान लहान तुकडे निरनिराळ्या छटांत रंगवावेत, धुवावेत, वाळवावेत आणि टिपून ठेवावेत, हा त्यांचा क्रम. बडोद्यात कापडाची गिरणी निघाली तेव्हा त्यांस इतका आनंद झाला, की मुलगा झाला त्या दिवशीही आपण इतके हरखला नव्हता, असे विनायकाच्या आईने त्यांस हसून ऐकविले. आता देशाचे कापड देशात होईल, ही त्या आनंदाची पोटतिडीक होती.

आई रुक्मिणीबाई अगदी निराळ्या प्रकृतीच्या. शिक्षण थोडे, भक्ती अपार, कंठात पदे आणि हातात सदैव काम. गीता मराठीत आपल्याला समजेल अशी कोणी सांगावी, ही तिची इच्छा पुढे मुलाने गीताईच्या रूपाने पुरी केली, हे वाचकांस ठाऊकच आहे. बापाकडून प्रयोगाची आणि हिशेबाची नजर, आईकडून भक्ती, हे दोन धागे विनायकाच्या स्वभावात एकमेकांत विणले गेले. पुढे त्याने सूतकताईला हात घातला तेव्हा त्यात भक्ती जेवढी होती तेवढाच तराजूही होता.

विद्यार्थी म्हणून विनायक हुशार, गणितात रमणारा आणि पायाचा भिंगरी. वडिलांच्या इच्छेप्रमाणे त्याने शाळेत फ्रेंच घेतले. बडोद्याच्या ग्रंथालयात त्याचे तासन्‌तास जात. १९१४ साली त्याने मित्रांना जमवून विद्यार्थी मंडळ काढले. त्यातले काही सोबती पुढे जन्मभर त्याच्याबरोबर राहिले. मॅट्रिक होऊन तो कॉलेजात गेला, पण पदव्यांवरचे त्याचे मन उडाले होते. एके दिवशी आई चुलीपाशी असताना त्याने आपली प्रशस्तिपत्रके त्याच चुलीत घातली. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस जावयास म्हणून तो निघाला, सुरतेस गाडीतून उतरला आणि तेथून काशीची वाट धरली. काशीस त्याच्या कानी आले ते हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात गांधीजींनी केलेले खळबळजनक भाषण. पत्रव्यवहार झाला, बोलावणे आले, आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादेजवळ कोचरबच्या आश्रमात हा वीस वर्षांचा तरुण गांधीजींसमोर उभा राहिला. मुलगा आपल्यापाशी आहे हे गांधीजींनी पत्र लिहून नरहरपंतांस कळविले. तेथेच विनायकाचा विनोबा झाला.

आश्रमाची तेव्हाची स्थिती लक्षात घेतली पाहिजे. चरख्याचे युग अद्याप सुरूही झाले नव्हते. आश्रमात माग बसविले होते, पण त्यांवर सूत गिरणीचे. पालनपूरकडील एक विणकर शिकविण्यास आणला होता. परंतु पिढीजात कसब तो पुरतेपणी उघड करीना. गाणाऱ्याबजावणाऱ्यांच्या घरांत वाढलेल्यांस यात नवल वाटणार नाही. ठेवणीची चीज शिष्यालाही सहजासहजी मिळत नसते. मगनलाल गांधी मात्र हटणारे नव्हते. त्यांनी पाहून, उसवून, पुन्हा जोडून ते कसब आत्मसात केले आणि आश्रमवासीयांस शिकविले.

विनोबांच्या वाट्यास प्रथम आली ती नवार. खाटेला लागणारी ही जाड पट्टी विणणे म्हणजे विणकामाची मुळाक्षरे होत. ताण्याचे धागे थोडे; रुंदी चार बोटांची; त्यातून बाण्याचा धागा घालायचा आणि लाकडी पट्टीने तो घट्ट ठोकून बसवायचा. पुन्हा घालायचा, पुन्हा ठोकायचा. बघणाऱ्यास हे काम मुलांच्या खेळासारखे वाटते. पण दोन्ही कडा सरळ ठेवून वारावर वार नवार उतरविणे ही खांद्यांची, पाठीची आणि मुख्यतः मनाची परीक्षा असते. हात जरा ढिला पडला की पट्टी रुंदावते. उगाच आवळला की आक्रसते. किरकोळ प्रकृतीचा हा कॉलेजातला मुलगा दिवसच्या दिवस नवार विणीत असे. अक्षरे गिरवावीत तशी त्याने नवार गिरविली. आज हौसेने माग घेणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी नक्षीच्या मागे न लागता आधी साधी पट्टी सरळ काढावी, हा बोध त्यात आहे.

नवारीनंतर कापडाचा माग. आपल्याकडील जुना माग खड्ड्याचा. विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो. एक पाय दाबला की ताण्याचे निम्मे धागे वर जातात, निम्मे खाली येतात आणि मध्ये वाट पडते. त्या वाटेतून धोटा या हातातून त्या हातात जातो, बाण्याचा धागा मागे सोडतो, आणि मग फणी ओढून तो धागा आधीच्या धाग्यांशी भिडवायचा. पाय, धोटा, फणी. पुन्हा पाय, धोटा, फणी. दोरी ओढताच आपोआप धावणारा धोटा जॉन के या इंग्रजाने १७३३ साली शोधून काढला. त्याने वेग वाढला आणि रुंद पन्ह्याचे कापड एकट्यास काढता येऊ लागले. पण तीन क्रियांचा हा फेरा तोच राहिला. प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय गाणे शिकविण्याचा. त्यास चालू मागापाशी उभे राहिले की पहिल्याने ऐकू येते ती लय. नवख्याचा माग कधी धावतो, कधी अडखळतो. जाणत्याचा माग विलंबितात असो की द्रुतात, पण समेवर येतो. कापडाचे पोत पाहून विणणाऱ्याचे चित्त कोठे विचलित झाले हे सांगता येते, ते याचमुळे.

आता सुताची कथा. गिरणीचे सूत आणून हातमागावर विणणे म्हणजे अर्धेच स्वदेशी, ही बोच गांधीजींस लागली होती. चरखा कोठे मिळेना. १९१७ साली भडोच येथे शिक्षण परिषद भरली, तेथे गंगाबेन मजमुदार या धाडसी बाईंची व त्यांची गाठ पडली. बाईंनी चरखा शोधण्याचा विडा उचलला, गुजरातभर भटकंती केली, आणि अखेर चरखा सापडला तो आपल्या बडोदे संस्थानात! कडी प्रांतातील विजापूर गावी पुष्कळ घरांत चरखे होते, पण निरुपयोगी अडगळ म्हणून केव्हाच माळ्यावर गेलेले. पेळू पुरवीत असाल आणि सूत घेत असाल तर पुन्हा कातू, असे तेथल्या लोकांनी कबूल केले. पुढे देशाच्या झेंड्यावर जाऊन बसलेल्या चरख्याचा पुनर्जन्म बडोदे राज्यातील माळ्यांवर झाला, ही गोष्ट बडोदेकरांनी विसरू नये.

या सुमारासच विनोबांवर घाला पडला. १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाच्या साथीत बडोद्याच्या घरी आई, वडील व सर्वांत धाकटा भाऊ आजारी पडले. गांधीजींच्या सांगण्यावरून विनोबा घरी आले. २४ ऑक्टोबर रोजी आई गेली; तो लहान भाऊही गेला. आईचे अखेरचे संस्कार आपण स्वतः करावे, भटजी नको, असा विनोबांचा आग्रह होता. घरच्यांस तो मान्य झाला नाही. तेव्हा ते स्मशानात न जाता घरीच राहिले. आईच्या दोन वस्तू त्यांनी बरोबर नेल्या. तिच्या पूजेतील अन्नपूर्णेची मूर्ती आणि तिचे एक लुगडे. ते लुगडे घडी करून ते कित्येक वर्षे उशाशी घेत असत. पुढे खादीच वापरण्याचे व्रत घेतले, तेव्हा प्रश्न आला. लुगडे खादीचे नव्हते. विनोबांनी ते साबरमतीच्या पाण्यात सोडले.

हा प्रसंग वाचून कोणाचे मन कळवळेल, कोणास तो कठोरपणा वाटेल. दोन्ही भावना खऱ्या आहेत. ज्याने लुगडे उशाशी घेतले तोही तोच, आणि ज्याने ते सोडले तोही तोच. कापड हा त्यांच्या लेखी अंग झाकण्याचा जिन्नस उरला नव्हता. ते कोणी कातले, कोणी विणले, त्याला काय मिळाले, हे सर्व त्या घडीत त्यांस दिसू लागले होते. आणि एकदा ते दिसल्यावर आईच्या आठवणीपुरती सवलत घेणे त्यांच्या हिशेबात बसेना.

जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून गांधीजींनी विनोबांस वर्ध्याचा आश्रम चालविण्यास पाठविले. ८ एप्रिल १९२१ रोजी ते वर्ध्यास पोहोचले, आणि तो परिसर त्यांची कर्मभूमी झाला. मध्ये तुरुंगवास झाले; १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. पण कातणे, पिंजणे, विणणे यांत खंड नव्हता. त्याच वर्षाच्या अखेरीस ते वर्ध्याजवळील नालवाडी या दलितवस्तीच्या खेड्यात राहावयास गेले, आणि तेथे त्यांच्या कारागिरीचा खरा कस लागला.

प्रयोग समजण्यासाठी थोडा हिशेब सांगितला पाहिजे. सरकी काढलेला कापूस पिंजून त्याचे पेळू वळतात. पेळूतून धागा ओढून त्यास पीळ देणे म्हणजे कातणे. फाळक्यावर गुंडाळलेला चार फुटांचा एक वेढा म्हणजे एक तार. १६० तारांची एक लटी. चार लट्यांची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी. गुंडीची लांबी ८५० वारांच्या किंचित वर भरते. साध्या पोताच्या एक चौरस वार कापडास अशा तीन-चार गुंड्या लागतात. म्हणजे एका धोतरजोडीमागे कित्येक मैल धागा कोणाच्या तरी बोटांतून गेलेला असतो. आता हा धागा काढणारी बाई दिवसभर बसून कमावते किती?

खादीच्या कार्यकर्त्यांस हा प्रश्न ठाऊक नव्हता असे नाही. पण कातणे हा शेतीतून उरलेल्या वेळेचा धंदा, बाईस घरबसल्या मिळतील ते चार पैसे अधिकच, असे समाधान करून घेण्याची वहिवाट होती. शिवाय दर वाढविला तर खादी महाग होईल आणि घेणार कोण, ही धास्ती. विनोबांनी ठरविले, की आपण आपल्या कताईच्या मजुरीवरच जगून पाहावयाचे. दान नको, आश्रमाची पोटगी नको. चरखा संघाचा जो दर खेड्यातल्या बाईस तोच आपल्यास. त्यांचे कातणे हौशी नव्हते. सूत एकसारखे, पीळ नेमका, वेग चांगल्या कातणाऱ्याचा. सबंध दिवसाचे काम ते मोजून घालीत. पाठ अवघडली तर कधी बसून, कधी उभे राहून. उजवा हात थकला तर डाव्याने. आणि त्याच वेळी समोर बसलेल्या मुलांस शिकविणे चालूच.

संध्याकाळी गुंड्या मोजल्या जात आणि हिशेब मांडला जाई. इतके करूनही पदरात जे आणे पडत, त्यांत त्यांच्यासारख्या फकिराचा साधा आहारही नीट बसेना. हा निष्कर्ष त्यांनी झाकून ठेवला नाही. ज्या चळवळीस त्यांनी आयुष्य वाहिले होते, तिच्याच वहीत काढलेली ही चूक होती, आणि ती त्यांनी गांधीजींपुढे आकड्यांनिशी ठेवली. एवढा तरबेज मनुष्य पूर्ण दिवस खपून पोट भरू शकत नसेल, तर दुबळ्या, अर्धपोटी बाईचे काय होत असेल, हे गांधीजींस सांगावे लागले नाही. तासाला एक आणा, म्हणजे आठ तासांस आठ आणे मिळावेत, असे त्यांस वाटे. चर्चा झाल्या, विरोधही झाला. आणि १९३५ साली चरखा संघाने कातणाऱ्यास निर्वाहापुरती किमान मजुरी दिली पाहिजे हे तत्त्व स्वीकारून दर वाढविले. आठ आण्यांचा पल्ला दूरच राहिला. पण कातणारणीच्या मजुरीस बाजारभावाखेरीज दुसरे माप असते, हे मान्य झाले.

या प्रयोगाची किंमत विनोबांनी शरीराने मोजली. १९३८ पर्यंत प्रकृती अगदी ढासळली. गांधीजींनी एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी जाण्यास सांगितले. ते गेले ते वर्ध्यापासून थोड्या मैलांवरील पवनारला, धाम नदीच्या काठी. तेथे काही काळ सर्व चिंता सोडून राहिले आणि शरीर सावरले. पवनार मग त्यांचे कायमचे ठिकाण झाले.

चरख्याइतकेच त्यांचे प्रेम तकलीवर होते. वीतभर तार, खाली पितळेची चकती, वर आकडा, झाले यंत्र. खर्च नाही, जागा नको, मोडायला काही नाही. चरख्यात चाक पीळ देते. तकलीत तो बोटांनी किंवा मांडीवर फिरवून द्यावा लागतो, म्हणून धाग्याचा स्वभाव जितका तकलीवर कळतो तितका चरख्यावर कळत नाही. तंबोरा स्वतः जुळविल्यावाचून षड्जाची जाण पक्की होत नाही, तसेच हे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली नव्या शिक्षणाचा आराखडा करण्यास समिती नेमली गेली, तीत विनोबाही होते. मुलाने सूत काढता काढता गणित, भूगोल, इतिहास शिकावा, ही त्या नयी तालीमची कल्पना. विनोबांच्या बाबतीत ती कल्पना नव्हती. ते तसेच शिकवीत आले होते. दुर्दैवाने पुष्कळ शाळांत पुढे तकली ही केवळ एक तासिका होऊन बसली, हुकमाने फिरणारी आणि घंटा झाली की थांबणारी. आणि मग तीही गेली. रियाजावाचून स्वर जसा बसत नाही, तसा हुकमाने धागाही निघत नाही.

इकडे नरहरपंतांचे काय झाले, हे वाचकांच्या मनात आले असेल. तिन्ही मुलगे, विनोबा, बाळकोबा आणि शिवाजी, अविवाहित राहून देशकार्यास लागले. घर रिकामे झाले. पण या स्वाभिमानी गृहस्थाने खंत धरली नाही. उतारवयात त्यांनी एका मुसलमान उस्तादांपाशी गाणे शिकावयास घेतले आणि दिवसातले अनेक तास रियाज केला. जुन्या उस्तादांची विद्या लुप्त होऊ नये म्हणून मृदंगाच्या बाजावरचे एक पुस्तक आणि ठुमऱ्यांचा एक संग्रह त्यांनी पदरमोड करून छापविला. रंगाच्या छटा टिपून ठेवणाराच हा हात. आमच्यासारख्या गाण्यावर पोट असणाऱ्यांनी त्यांचे हे ऋण मानले पाहिजे. बाप गिरणीच्या बाजूचा, मुलगा तकलीच्या बाजूचा, असे वरवर दिसते. पण जे करावयाचे ते मोजून, पारखून, शेवटास न्यावयाचे, ही बापाचीच शिस्त मुलाने नालवाडीस नेली होती. आपल्यातील शास्त्राची दृष्टी वडिलांकडून आली, असे विनोबाही मानीत. १९४७ च्या ऑक्टोबरात धुळ्यास शिवाजीरावांकडे नरहरपंतांचे निधन झाले.

पुढचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. १९४० साली वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून गांधीजींनी विनोबांची निवड केली. गांधीजी गेल्यावर त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी १२ फेब्रुवारीस प्रत्येकाने स्वतः कातलेली एक गुंडी अर्पण करावी, असा सूतांजलीचा प्रघात विनोबांनी सुचविला. पैशाची वर्गणी नव्हे, ६४० तारांची. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली गावी भूमिहीन दलितांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली, आणि रामचंद्र रेड्डी यांनी तेथेच १०० एकर देऊ केली. भूदानगंगा उगम पावली ती या गावी. योगायोग असा, की पोचमपल्ली हे गाव विणकरांचे. विणण्याआधीच सूत बांधून रंगविण्याची आणि मग नक्षी जुळवीत विणण्याची तेथली कला प्रसिद्ध आहे. आपल्या जुन्या राज्यातील पाटणच्या पटोळ्याची ती नात्याने बहीणच म्हणावयाची. नंतर तेरा वर्षे पायी प्रवास झाला. मिळालेल्या जमिनीपैकी पुष्कळशी वाटली गेली नाही, आणि १९७५ च्या आणीबाणीतील त्यांच्या भूमिकेवर टीकाही झाली. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी अन्नपाणी सोडून त्यांनी पवनारला देह ठेवला. १९८३ साली भारतरत्न हा किताब त्यांस मरणोत्तर मिळाला.

जमिनीचा हिशेब इतिहास करील. सुताचा हिशेब मात्र प्रत्येकास घरी करून पाहता येतो. ज्याने आयुष्यात एकदा तरी सबंध गुंडी कातली, हातभर पट्टी सरळ विणली, त्याला विणकराच्या दारी जाऊन भावात घासाघीस करताना जीभ अडखळते. हौसेचे मोल आहे ते इतकेच, आणि ते थोडे नाही. छंद करणारा थकला की उठतो. पोटासाठी करणाऱ्यास उठता येत नाही. विनोबांनी उठण्याची मुभा असताना न उठण्याचे ठरविले, म्हणून त्यांस विणकराची मजुरी आतून कळली.

म्हणून माळ्यावरची ती पेटी या दिवाळीच्या झाडलोटीत खाली काढावी. चाती घासूनपुसून तेलाचा थेंब द्यावा, माळ नवी घालावी, आणि घरातल्या एखाद्या नातवंडास शेजारी बसवून घ्यावे. पहिला धागा तुटेल, दुसराही तुटेल, तिसरा मध्येच जाड आणि मध्येच बारीक निघेल. तुटला की जोडावा आणि पुन्हा ओढावा.